पित्त उठलं की

३ फेब्रुवारी

ही वही मी स्वतः बांधली. छापखान्यातून कामाबरोबर येणारे कागद उरतात, त्यांची. पानं तीन छटांची आहेत, पुठ्ठा मात्र भारी. हे असते तर म्हणाले असते, "कोऱ्या वहीला एवढा पुठ्ठा? रिकाम्या घराला पितळी कुलूप लावलंस की!" ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली. अजूनही पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवताना हात दोघांच्या मापाचं पीठ घेतो.

लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. आज जावयांनी लेकीच्या अंगावर पाण्याचा ग्लास फेकला. तिनं मान वळवली म्हणून तो भिंतीवर फुटला, पण एक तुकडा उसळून तिच्या कानामागे घुसला. रक्त मानेवरून पाठीत उतरलं. जावयांचा धंदाच काचेचा, लोकांच्या खिडक्यांना काचा बसवतात. त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, चिमटा आणला आणि तुकडा स्वतः काढला. हात जराही हलला नाही.

"हळू," लेक म्हणाली.

"तू हलू नकोस. नाहीतर उद्या सांगत सुटशील, नवऱ्यानं कापलं म्हणून."

मग त्यांनी शर्ट काढला आणि मी पाहिलं. गळा, दंड, पोट, सगळीकडे लालभडक गांधी उठलेल्या. काही बटणाएवढ्या, काही बशीएवढ्या, एकीत एक मिसळलेल्या. "आई, अंग नुसतं पेटलंय," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर राहत नाही हो." एवढा आडदांड माणूस रडकुंडीला आला होता. मी फडकं भिजवून त्यांच्या पाठीवर ठेवलं. ते ठेवण्यात मी गुंतले तेवढ्यात लेकीनं आपलं रक्त आपणच पुसलं आणि काचा गोळा केल्या.

६ फेब्रुवारी

पित्त पुन्हा उठलं.

हे गेले तेव्हा जावईच म्हणाले होते, "आई, तुम्ही एकट्या कशा राहणार?" आणि दोघं इथे राहायला आली. लोक त्यांना घरजावई म्हणतात, ते त्यांना लागतं. बाहेरच्या खोलीत माझं पुस्तकबांधणीचं काम आहे. टेबल, सुया, भोकं पाडायचा टोचा, आणि कोपऱ्यात ह्यांचा लोखंडी शिकंजा. वरचं चक्र फिरवलं की पाट खाली येतो आणि शिवलेली पुस्तकं त्यात दाबून ठेवता येतात. आतली खोली त्या दोघांची. मधे पडदा आहे.

जावई संध्याकाळी घेतात. दिवसभर उन्हात शिडीवर उभं राहायचं, शीण येतोच. आज पडद्याआडून आधी खाजवण्याचा आवाज आला, कोरड्या पुठ्ठ्यावर नख ओढावं तसा. मग लेक काहीतरी बोलली. मग भिंतीवर धप्प. मग पुन्हा खाजवणं.

सकाळी तिचा ओठ सुजला होता. "काय गं?" म्हटलं.

"पित्त उठलं होतं ना," ती म्हणाली.

११ फेब्रुवारी

आरोग्यावरच्या एका जाड पुस्तकाचं काम आलंय. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ती फर्म्यांवर. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानं झाली की तो एक फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवायचे, की पुस्तक. शिवता शिवता डोळा जातो. त्यामुळे माझं वाचन सोळा-सोळा पानांचं आहे. पुढचा फर्मा आला तर गोष्ट पुढे, नाहीतर राजकन्या जन्मभर विहिरीतच.

आज नववा फर्मा घडी घालत होते आणि शेवटच्या पानावर अगदी तळाला वाचलं: "अंगावर पित्त उठले की तेच माणसाच्या डोक्यात चढते, त्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, तो जवळच्या माणसांवर हात उगारतो". मी हातातलं हाड खाली ठेवलं. हाड म्हणजे घडीवर दाबून फिरवायची पट्टी. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. कुणीतरी शिकलेल्या माणसानं आमच्याच घरातलं लिहून ठेवलं होतं. दहावा फर्मा अजून छापायचा आहे, त्यांचं यंत्र बिघडलंय. पण मला हवं होतं ते मिळालं.

म्हणजे मूळ पित्तात आहे. पित्त कशानं उठतं ते सापडलं की झालं. लेकीला सांगितलं. तिनं फर्मा हातातही घेतला नाही. तिला पुस्तकांवर विश्वास नाही, वडील एवढे पुस्तकांतले असून.

१६ फेब्रुवारी

साबण बदलला. दोन दिवस अंग स्वच्छ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात झाली आणि बघता बघता मांड्यांपर्यंत. साबणाची वडी त्यांनी लेकीच्या तोंडात कोंबली. "खा. तुझ्या आईचं औषध आहे, खा." मी मधे पडले, तर कोपर माझ्या छातीला लागलं. मुद्दाम नसेल. तिनं फेस ओकला, मग बराच वेळ चूळ भरत राहिली.

साबण नाही, म्हणजे एक कारण कमी झालं.

१८ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर एक बाई दिवसभर शिवणयंत्र चालवते. तिला सगळे मशीनवाली म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. आज जिन्यात भेटली.

"काकू, काल पुन्हा वर आदळआपट झाली."

"जावयांना पित्ताचा त्रास आहे गं."

"मोठं शहाणं पित्त आहे तुमच्या जावयाचं! गिऱ्हाइकासमोर कधी उठत नाही. शिडीवर उठत नाही. घरी आलं, कडी लागली, की उठतं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुकानात उठत नाही म्हणजे पुट्टी नाही, काचेची भुकटी नाही. बाधा घरातलीच आहे. वर येऊन मी लोकरीची पांघरुणं बांधून माळ्यावर टाकली. मशीनवाली तोंडाळ आहे, पण डोकं चालतं तिचं.

२४ फेब्रुवारी

आता त्यांना संशय येतोय की लेकच जेवणात काही घालते. आज भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं, वाफ निघत होती. "आधी तू खा," म्हणाले. ती म्हणाली, निवू दे. त्यांनी तिचे केस मागून मुठीत धरले आणि तोंड पातेल्यात दाबलं. क्षणभरच. पण हनुवटी आणि गालाची कातडी सोलली गेली. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसता नाकातून आवाज आला. मी त्यांचा हात धरला, त्या हातावरची गांध माझ्या तळव्याला गरम लागली, तव्यासारखी.

"बघितलंत? हिनं खाल्लं तर हिला काही होत नाही," ते म्हणाले.

लोणी लावताना लेकीनं विचारलं, "आई, हे बरं झालं नाही तर?"

"होईल गं. कारण सापडू दे."

"पित्त नाही म्हणत मी."

मग काय म्हणत होतीस, विचारायचं राहून गेलं. ते पाणी मागत होते.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तिघंही. जावई तिथे इतके मऊ बोलतात की ऐकत राहावं. बाईंनी गांधी पाहिल्या, पाठीवर बोथट काडीनं रेघ ओढली, ती फुगून वर आली. खायचं काय, झोप कशी, सगळं विचारलं. मग, "दारू?"

"थोडी. संध्याकाळी."

"घेतल्यावर किती वेळानं उठतं?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साधारण दुसरा ग्लास संपताना." ते माझ्यावर चिडलेले दिसले, पण खोटं कशाला सांगू?

बाई म्हणाल्या, "दारूचा संबंध असू शकतो, नसूही शकतो. अशा निम्म्या लोकांत कारण शेवटपर्यंत कळत नाही. दारू पूर्ण बंद करा, ही गोळी रोज एक घ्या. आणि हे पित्त-बित्त नुसतं म्हणायला. पोटातल्या पित्ताशी याचा काही संबंध नाही."

मी फर्म्यातली ओळ सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी लेकीचा गाल पाहिला. "हे काय?"

"भाताची वाफ," लेक म्हणाली.

"आणि मनगटावर?"

मला वाटलं बाईंचा वेळ मोडतोय. मी म्हटलं, "आमच्या घरात सध्या पित्ताचं चाललंय हो." त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. मग म्हणाल्या, तुम्ही दोघं बाहेर थांबा, हिचं रक्त तपासायचंय. लेक बाहेर आली तेव्हा हातात चिठ्ठी होती, घडी घालून तिनं ती चोळीत ठेवली. ताकदीचं औषध असेल. वाळलीच आहे ती.

४ मार्च

जावयांनी दारू सोडली! खरंच सोडली. बाटल्या माझ्यासमोर मोरीत ओतल्या. गोळी मी हातात देते, मी पाणी देते. आज सहावा दिवस, अंगावर एकही गांध नाही.

ह्यांच्या चष्म्याला सांगितलं. तो अजून खळीच्या ब्रशांच्या डब्यात आहे, त्यांनी ठेवला तिथेच.

९ मार्च

अंग स्वच्छ. लेक मोरीत घसरली, बरगडीला मार लागलाय. श्वास घेताना दुखतं म्हणते. मोरीतलं शेवाळ घासून काढलं. फारसं नव्हतंच.

दुपारी ती खाली मशीनवालीकडे शिवण शिकायला जाते. बरं झालं, मन रमतं.

१३ मार्च

अंग स्वच्छ. ते कमी बोलतात. दारूशिवाय संध्याकाळ मोठी वाटत असणार. टेबलाशी बसून माझ्याकडे बघत राहतात, मी शिवते ते. आज शिकंज्याचं चक्र फिरवून बघितलं. "आई, यात किती दाब बसतो?"

"हे म्हणायचे, जाड पुस्तकाची फुशारकी उतरते एवढा."

हसले. त्यांना हसताना बघून किती दिवस झाले होते.

लेकीच्या करंगळीला काळं पडलंय. कपाटाच्या दारात सापडली म्हणते. धांदरट झाली आहे हल्ली. सवयच लागली आहे तिला भिण्याची. ती जायला वेळ लागेल.

१७ मार्च

माळ्यावरचं काढताना लेकीचं कपाट उघडलं गेलं. अर्धं रिकामं. रंगीत कपड्यांतल्या रंगानं पित्त उठतं का, असं मी एकदा बोलले होते. पोरीनं ते ध्यानात ठेवून चांगले चांगले सगळे खाली मशीनवालीकडे नेऊन ठेवले. दुपारी जाताना रोज पिशवी असते हातात. न सांगता करते ती, अगदी वडिलांसारखी.

संध्याकाळी खळ ढवळताना ती जवळ येऊन उभी राहिली.

"आई, तू एकटी राहू शकशील का?"

माझा हात थांबला. ह्यांच्या आठवणीनं विचारते असं वाटलं. मी म्हटलं, "एकटी कुठे? तुम्ही आहात ना." ती माझ्या खांद्यावर कपाळ टेकून राहिली. खळीला तळ लागला तरी मी हलले नाही.

२० मार्च

आज जेवताना घर किती हलकं वाटत होतं. मीच बोलत होते. म्हटलं, "जावईबापू, तुमच्यासाठी हिनं काय काय केलं बघा. कपाट मोकळं केलं. सगळे कपडे मशीनवालीकडे नेऊन ठेवले."

"सगळे?"

"चांगले चांगले सगळे. चपलासुद्धा."

टेबलाखाली लेकीनं माझ्या पायावर पाय दिला. मी म्हटलं, "अगं, लागतंय!"

जावई हसले. अजून भात मागितला. "आई, घरावर तुमचं फार बारीक लक्ष असतं हो."

लेकीनं ताट पुढे सरकवलं, जेवली नाही.

२५ मार्च

चार दिवस लिहिलं नाही. आता लिहिते, कारण पोलिसांच्या बाईनं विचारलं तेव्हा मला क्रमानं सांगता येईना. कुठला फर्मा आधी तेच कळेना.

एकवीस तारखेला सकाळी मी छापखान्यात गेले होते. दहावा फर्मा तयार नव्हता म्हणून लगेच परत फिरले. जिना चढताना मशीनवालीचं यंत्र बंद होतं आणि तिचं दार सताड उघडं. आत कपडे विखुरलेले, तिच्या लेकराचं झबलं — नाही, तिला लेकरू नाही. लेकीच्या लहानपणीचं झबलं होतं ते. तिनं तेही नेलं होतं. मशीनवाली जमिनीवर बसून डोकं धरून होती, बोटांतून रक्त. म्हणाली, "काकू, वर. वर जा."

आमचं दार लोटलेलं होतं. जावई शिकंज्याशी उभे होते. लेक गुडघ्यांवर. तिचा उजवा हात पाटाखाली होता.

ते ओरडत नव्हते. तोंडाला दारूचा वास नव्हता. सदरा काढून खुंटीला लावला होता, कामाला लागताना लावतात तसा. चक्र फिरवत होते, थोडं, मग थांबून तिला विचारत होते. "कारखाना कुठल्या गावात? पहिल्या तारखेपासून ना? कुठल्या हातानं शिवणार होतीस?" मग आणखी थोडं.

मी त्यांची पाठ पाहिली. उजेड खिडकीतून सरळ पाठीवर पडला होता. पाठ, दंड, मान. एकही गांध नव्हती. लहान मुलाच्या अंगासारखं स्वच्छ अंग. मी रोज हातानं गोळी देऊन ते स्वच्छ केलं होतं.

"आई आल्या," तो म्हणाला. "आई, बरं झालं तुम्ही सांगितलंत."

आणि चक्र फिरवलं. आवाज आला. ओल्या पुठ्ठ्यात आरी जाते ना, तसा.

टेबलावर टोचा होता. पुस्तकाच्या पाठीला भोक पाडताना तो सरळ धरायचा, वाकडा धरला तर दोरा कुरतडला जातो, हे मला ह्यांनी शिकवलं. मी सरळ धरला. त्याच्या दंडात अर्ध्यापर्यंत गेला, हाडाला अडकला. तो वळला आणि त्यानं मला थोबाडीत मारली, मी कागदांच्या गठ्ठ्यावर पडले, उठले, तोच टोचा उपसून पुन्हा घातला, या वेळी खांद्यात. तेव्हा त्यानं चक्र सोडलं. माझ्याकडे असा बघत होता, जसा काही शिकंजाच बोलला. मग सदरा घेऊन निघून गेला. सदरा घ्यायला विसरला नाही.

चक्र उलटं कुठल्या बाजूला फिरवायचं ते मला आठवेना. इतकी वर्षं फिरवते. मी आधी चुकीच्या बाजूला जरासं फिरवलं. लेक तेव्हा ओरडली. तो ओरडा मी या वहीत लिहू शकत नाही.

२६ मार्च

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. दोन बोटं तीन-तीन ठिकाणी मोडली आहेत, एकाचं नख मुळासकट गेलं. बरगडी जुनी मोडलेली निघाली, मोरीतली. त्यांनी लेकीला विचारलं, "काय झालं?" ती सवयीनं काहीतरी म्हणायला लागली. मी तिच्या आधी बोलले. सगळं बोलले. भात, साबण, ग्लास. माझं जेवतानाचं बोलणं पण.

बाईंनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. लेकीला म्हणाल्या, "चिठ्ठीवरच्या नंबरावर केला होतास ना फोन?" म्हणजे ते ताकदीचं औषध नव्हतं.

लेकीला म्हटलं, "मला सांगायचं होतंस गं."

"सांगत होते की," ती म्हणाली. "तू पित्तात होतीस."

७ एप्रिल

तो जामिनावर सुटला, आपल्या भावाकडे राहतो असं कळलं. पोलिसांनी त्याला इथे फिरकू नको म्हणून बजावलंय. मशीनवालीच्या कपाळाला टाके आहेत. ती म्हणते, "माझे टाके तुमच्यापेक्षा सरळ आलेत, बघा." तिच्या बहिणीच्या शिवणकामाच्या कारखान्यातून निरोप आहे, बोटं वळायला लागली की ये, जागा ठेवतो.

शिकंजा मी घासला. पाटावरचा डाग निघाला नाही, म्हणून पाट बदलला. काम थांबवून चालत नाही.

१२ एप्रिल

दहावा फर्मा आला.

घडी घालून नवव्याखाली ठेवला आणि पहिल्या पानाची पहिली ओळ वाचली: "असे लोक म्हणतात. त्याला कसलाही आधार नाही. हात उगारणारा पित्त नसतानाही उगारतो."

नववा पुन्हा काढून बघितला. "उगारतो" नंतर पूर्णविराम नव्हता. मी इतकी पुस्तकं शिवली आणि टिंब नाही हे मला दिसलं नाही. जे हवं ते मिळालं की माणूस पान उलटत नाही. मी नववा आणि दहावा एकत्र शिवले, चांगला घट्ट टाका घातला, जरुरीपेक्षा दोन जास्त.

२ मे

लेक परवा जाते आहे. मधल्या बोटाचं पेर वळत नाही, पण कापड धरता येतं. कपडे खालून वर आले आणि आज पुन्हा पेटीत गेले. झबलं तिनं मला ठेवायला दिलं.

दुपारी मी म्हटलं, "तू मागे विचारलं होतंस ना, एकटी राहशील का म्हणून. राहीन."

ती म्हणाली, "खळ एकटीच्या मापाची शिजव म्हणजे झालं."

उन्हं कलताना दार वाजलं. मी कडी न काढता बाजूच्या खिडकीच्या फटीतून पाहिलं. तो होता. प्यायलेला. ओठ फुगून बाहेर आलेले, डोळे मिटत चाललेले, गळ्यावर, हातांवर गांधींचा नुसता लोंढा. टोच्याच्या जखमेचा व्रणसुद्धा खाजवून रक्ताळलेला. दारावर पाठ घासत होता.

"आई. आई, अंग पेटलंय. एकदा बघा तरी. तुम्हालाच कळतं यातलं."

खरंच उठलं होतं. सोंग नव्हतं. माझा हात सवयीनं फडक्याकडे गेला, पण तो जाताना मला दिसला आणि मी मागे घेतला. लेक आतल्या दारात उभी होती, दुखरा हात छातीशी धरून. बघत होती.

मी डब्यातली गोळ्यांची पट्टी काढली, त्याचीच उरलेली, आणि दाराखालून बाहेर सरकवली. खाजवणं थांबलं.

"दार उघडा ना, आई. पाणी तरी द्या."

"पाण्याबरोबर एक घे," मी म्हटलं. "नळ कोपऱ्यावर आहे. चल, नीघ इथनं."

तो बराच वेळ तिथेच होता. त्यानं दारावर एक लाथ मारली, मग दुसरी. बिजागरी हलली, पण धरून राहिली. खालून मशीनवाली ओरडली, कुणीतरी जिना चढायला लागलं, तेव्हा तो उतरला. पट्टी घेऊन गेला.

लेक म्हणाली, "आई, तू त्याला 'घे' म्हणालीस."

"मग काय, 'घ्या' म्हणू?"

ती हसली. हसताना बरगडी दुखली तिला, तरी हसली. मी कडी पुन्हा एकदा हात लावून बघितली आणि खळ चुलीवर ठेवली, एका मापाची.